जुनी ठासणीची बंदूक घेताना मागचे तीन इंच बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भात पोटरीला आले की रानडुकरांच्या धाडी सुरू होतात आणि कोकणात जुन्या ठासणीच्या बंदुकांची चौकशीही सुरू होते. नवीन बंदूक मिळायला वेळ लागतो. गावात कुणाच्या तरी आजोबांची बंदूक पडून असते, वारस मुंबईला असतात, आणि व्यवहार जुळतो. तो जुळताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, दस्त्याचे पॉलिश आणि किंमत. बंदुकीची खरी लायकी मात्र नळीच्या बुडाकडच्या शेवटच्या तीन इंचांत असते. नळी मागून बंद करणारे बूच, घोड्याचा ठोका झेलणारे पोकळ निपल आणि त्यांना धरणारे आटे, सगळे तिथेच. बार पेटतो तो तिथे, सगळा दाब तिथे, आणि नेम धरणाऱ्याचे डोळे व गाल तिथून वीतभर अंतरावर. म्हणून हे पत्र.

आधी कागद, कारण ते चुकले तर पुढचे वाचण्यात अर्थ नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, त्यामुळे शेतकऱ्याला परवाना मागण्याचा रस्ता सरळ आहे. परवाना हाती नसताना ‘विसार देऊन बंदूक घरी नेऊन ठेवतो’ असे कुणी म्हणू नये. तो गुन्हा होतो. खासगी मालकाला बंदूक विकायची असेल तर कलम 5 प्रमाणे त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचे. मूळ परवानाधारक वारला असेल तर वारसांनी बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि विक्री तिथून करायची असते. माळ्यावरून थेट गिऱ्हाईकाच्या हातात नव्हे.

नळीवरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी आकडा न् आकडा जुळवा. नंबराच्या जागी घासल्याची सपाट, चकचकीत खूण दिसली तर विषय तिथेच संपवा. ओळखचिन्ह खोडणे आणि ओळखचिन्ह नसलेले शस्त्र विकणे या दोन्हींना कलम 8 ने मनाई आहे. नळीची लांबीही टेपने मोजा. परवाना नसताना नळी आखूड करणे कलम 6 खाली येते, आणि कापलेली नळी विकत घेतल्यावर ‘आधीच्याने कापली’ हे पटवणे तुमच्या अंगावर येते.

आता बंदूक हातात घेऊ. पहिली गोष्ट एकच, ती भरलेली आहे असे धरून चालायचे. मालक कितीही शपथेवर ‘रिकामी आहे’ म्हणो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. कोरडी राहिली तर ती दशकानुदशके जिवंत राहते, आणि ओली झालेलीही वाळल्यावर पेटू शकते. आजोबांनी गणपतीच्या आधी ठासून ठेवलेला बार नातवाच्या काळापर्यंत नळीत बसून राहू शकतो.

तपासायची रीत सोपी आहे. निपलवर केप, म्हणजे ठोक्याने पेटून बाराला ठिणगी देणारी टोपी, नाही हे बघा. बंदुकीचे तोंड माणसांपासून आणि घरापासून दूर धरा. तोंडासमोर आपले डोके किंवा हाताचा तळवा न आणता बार ठासायचा गज नळीत हळूच सोडा. रिकाम्या नळीत लोखंडी गज बुडाला ‘टण्’ असा वाजतो, आत काही असेल तर ‘थप्’ असा बसका आवाज येतो. आवाजावर मात्र विसंबू नका. गज जिथे नळीच्या तोंडाशी येतो तिथे त्याला चिकटपट्टी लावा, गज बाहेर काढा आणि नळीला बाहेरून समांतर धरा, चिकटपट्टी तोंडाशी जुळवून. गजाचे टोक निपलच्या मुळाशी पोहोचले पाहिजे. काही नळ्यांत बुडाला अरुंद खोली असते, तिथे गज इंचभर अलीकडे थांबू शकतो. दोन-तीन बोटांचे अंतर राहिले तर आत बार आहे, नाहीतर गंजाचा किंवा कुंभारमाशीच्या मातीचा गोळा आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा तो बारच समजायचा.

अशा वेळी गावात हमखास एक सल्ला मिळतो: ‘एक केप उडवून बघू या, गवत हललं तर रिकामी.’ हा सल्ला देणाऱ्याला दोन पावले मागे उभे करून बंदूक खाली ठेवा. केप उडवणे म्हणजे तपासणी नव्हे, ती बंदूक झाडणेच आहे. तीही कुणी, कधी, किती भरली हे माहीत नसलेली. तोंडाला तोंड लावून फुंकर मारणे, बूड चुलीवर शेकणे, छिन्नी-ड्रिल चालवणे, हे तिन्ही प्रकार त्याच जातीचे. बंदूक भरलेली निघाली तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. तो आधी दारू भिजवतो आणि मग स्क्रूच्या गजाने बोळा आणि छरे ओढून काढतो.

रिकामी असल्याची खात्री पटली की बुडाकडे या. नळी मागून बुचाने बंद केलेली असते. हे बूच आट्यांवर बसलेले असते, आणि त्याचीच मागे आलेली पट्टी दस्त्यात स्क्रूने अडकवलेली असते. बूच आणि नळी यांचा सांधा भिंगाने बघा. स्वच्छ, केसासारखी रेघ असेल तर ठीक. त्या रेघेतून काळा किंवा तपकिरी ओघळ बाहेर पडलेला असेल तर तिथून धूर निसटतो आहे, म्हणजे आटे खाल्ले गेले आहेत. सांध्यावर पितळेची झाळ किंवा वेल्डिंगचा मणी दिसला तर पुढे भाव करूच नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा पोत बदललेला असतो आणि आतले आटे अजून कुजकेच असतात. बाहेरून जाड दिसणारी ती जागाच सगळ्यात कच्ची असते. बूच स्वतः पान्याने खोलायला जाऊ नका. वर्षानुवर्षे न हललेले बूच हलले की त्याचे आटे पहिल्यासारखे बसत नाहीत.

गळतीची घरगुती पण खात्रीची परीक्षा गरम पाण्याची आहे. मालकाची परवानगी घ्या, नळी दस्त्यापासून सोडवा, निपल काढून त्याच्या भोकात घट्ट लाकडी खुंटी ठोका आणि नळी उभी धरून तोंडाजवळपर्यंत उकळते पाणी भरा. हाताला फडके गुंडाळा, नळी लगेच तापते. बूड कोरडे पुसून पाच मिनिटे थांबा. सांध्यावर घामासारखे थेंब उमटले तर बंदूक परत द्यायची. कोरडे राहिले तर खुंटी काढून निपल बसवा आणि पाणी निपलवाटे जाऊ द्या. बारीक, सरळ धार आली म्हणजे वाट मोकळी. थेंब-थेंब आले तर वाट तुंबली आहे, आणि ‘केप उडते पण बार उडत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. या परीक्षेने नळीही धुऊन निघते. मात्र नंतर ती लगेच पुसून, सुकवून तेलाचा हात फिरवून द्या. दुसऱ्याची नळी गंजवून निघून जाणे बरे नव्हे.

निपल हा नखाएवढा भाग, पण त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. वरचे टोक ठोके खाऊन छत्रीसारखे पसरले असेल तर केप पूर्ण बसत नाही. घोड्याचा पहिला ठोका केप खाली बसवण्यात जातो आणि दुसऱ्या ठोक्याला बार उडतो. मधल्या वेळात ‘उडाली नाही’ म्हणून माणूस तोंडाकडे बघायला वळतो, अपघात तिथेच होतात. नवी केप अंगठ्याने दाबल्यावर तळापर्यंत गेली पाहिजे, आणि बंदूक उलटी केली तरी पडता कामा नये. चिमटा मारून केप बसवावी लागत असेल तर निपल आणि केपचा नंबर जुळत नाही. निपल खोलून उजेडाकडे धरा. आतल्या बाजूचे छिद्र सुमारे पाऊण मिलिमीटरचे, सुईच्या टोकाएवढे हवे. जळून ते मोठे झाले असेल तर बाराचा दाब उलटा येतो, घोडा उचलून मागे फेकतो आणि केपचे तुकडे तोंडावर उडतात. निपल बदलणे स्वस्त आहे, पण आधी आटे तपासा. बाहेरच्या बंदुकांत पाव इंच व्यासाचे, इंचाला 28 आट्यांचे निपल पुष्कळ दिसतात; काहींत 6 मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात. देशी बंदुकांत कारागीर बदलला की आटेही बदलतात. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. त्यामुळे मेट्रिक निपल पाव इंचाच्या भोकात दोन फेरे जाते, डुगडुगते आणि ‘बसले’ असे वाटते. असे निपल बाराबरोबर उडून येऊ शकते. निपल बोटांनी तीन-चार फेरे तरी सहज फिरले पाहिजे, पाना शेवटी फक्त आवळायला. मागच्या मालकाने जोर करून चुकीचे निपल घातले असेल तर भोकातले आटे चांदीसारखे चकाकतात आणि त्यांची कड तुटलेली दिसते.

काही स्वस्त बंदुकांत निपल थेट नळीत नसते. नळीच्या बाजूला एक लहान नळकांडे आट्यांवर बसवलेले असते आणि निपल त्यावर. हे नळकांडे खाली घोड्याच्या यंत्राच्या पट्टीवर टेकलेले हवे. मध्ये कागद सरकेल एवढी फट असेल तर घोड्याचा प्रत्येक ठोका ते खाली वाकवतो. अशी बंदूक निम्म्या किमतीत मिळाली तरी मी घ्यायला सांगणार नाही.

नळीच्या उरलेल्या भागाकडे वळू. मागून बंद असल्यामुळे आरपार बघता येत नाही. दोरीला बांधलेला छोटा एलईडी दिवा आत सोडा. बारीक खड्डे चालतील. बुडाजवळ खोल, काळे, एकमेकांत मिसळलेले खड्डे चालणार नाहीत. मग गजाला किंचित तेलकट फडके घट्ट गुंडाळून एका चालीत खाली-वर करा आणि हाताला काय जाणवते ते बघा. जागोजागी खरखर लागली तर गंज. फडके एका ठिकाणी अचानक सैल झाले आणि पुढे पुन्हा घट्ट झाले तर तिथे नळी आतून फुगली आहे. हा फुगवटा बार नीट न ठासल्याने येतो. दारू आणि छरे यांच्यात हवेची पोकळी राहिली की बोळ्याच्या जागी दाबाचा धक्का बसतो आणि नळीला वळ्यासारखा फुगारा येतो. बाहेरून तो शोधायचा तर ट्यूबलाइटखाली नळी आडवी धरून तिच्यावर पडलेली उजेडाची रेघ डोळ्याने चाळा. रेघ जिथे वाकेल तिथे बोट फिरवा. फुगलेली नळी ‘अजून चालते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती चालतेही, पण कधीपर्यंत हे कुणी सांगत नाही.

तोंडाशी कडेची जाडी चारी बाजूंनी सारखी आहे का ते व्हर्नियरने मोजा. वर्षानुवर्षे गज एकाच बाजूला घासून तिथली कड सुरीसारखी होते. अशी नळी छरे एका अंगाला टाकते. तोंडाचा व्यासही घेऊन ठेवा: 12 बोअर म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर, 16 म्हणजे 16.8, 20 म्हणजे 15.6. घासलेल्या तोंडावर माप जास्त येते, म्हणून एक इंच आतले माप धरा. काथ्याचा किंवा नमद्याचा बोळा याच मापाला घट्ट बसायला हवा.

नळी दस्त्यापासून सोडवल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्याचा ओलावा लाकूड आणि लोखंड यांच्या मधे साठतो. वरून निळसर, तुकतुकीत दिसणाऱ्या नळीचे पोट कधी कधी भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटलेले असते. नखाने पापुद्रा निघाला तर त्याखाली किती पोलाद उरले आहे याचा अंदाज लागत नाही.

घोड्याच्या यंत्राला दोन खाचा असतात, अर्धी आणि पूर्ण. अर्ध्या खाचेवर ठेवून चाप जोराने ओढा, घोडा सुटता कामा नये. पूर्ण खाचेवर ठेवून अंगठ्याने घोडा पुढे ढकला, तेव्हाही सुटता कामा नये. हे करताना निपलवर चामड्याचा तुकडा ठेवा, नाहीतर तपासणीतच निपलचे टोक बसेल. चाप ‘मऊ’ करण्यासाठी कानशीने घासलेली खाच पुष्कळदा सापडते. बंदूक खांद्यावर घेऊन बांधावरून उडी मारली की ती सुटते. घोड्याचे तोंड वाटीसारखे खोल हवे, म्हणजे फुटलेल्या केपचे तुकडे आत अडतात. निपलवर काजळी लावून घोडा हळूच टेकवा. वाटीत मधोमध गोल उमटला तर ठीक. एका बाजूला चंद्रकोर उमटली तर घोडा हलला आहे किंवा निपल वाकले आहे.

दस्त्याबद्दल थोडक्यात. मुठीजवळ, यंत्राच्या मागे चीर बघा. लांबीच्या दिशेची चीर दुरुस्त होते, आडवी होत नाही. तिथे एम-सीलचा थर किंवा तांब्याची तार दिसली तर ती खाली काय झाकते ते विचारा. शिसव असो वा सागवान, तेलाने काळे पडून मऊ झालेले लाकूड स्क्रू धरत नाही. गज मूळचा आहे का आणि बुडाला टेकतो का हे बघा. आखूड गज असलेली बंदूक म्हणजे प्रत्येक वेळी अर्धवट ठासलेला बार.

काही विक्रेते घोड्याच्या पट्टीवरचा मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि एकोणिसाव्या शतकातले साल दाखवून ‘अस्सल विलायती’ म्हणतात. पट्टी एका बंदुकीची आणि नळी दुसरीची हे सर्रास आढळते, आणि ती खूण नकलांवरही मारलेली असते. दाब नळी सोसते, म्हणून शिक्के नळीवरचे बघा. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस, म्हणजे नळी दाब सोसते का हे तपासून शिक्का मारणारी संस्था, 1813 पासूनचे आहे. पण प्रूफचा शिक्का नळी त्या दिवशी कशी होती एवढेच सांगतो, नंतरच्या गंजाची तो हमी देत नाही. तोंडाशी आत पिळाच्या खाचा दिसल्या तर ती रायफल आहे. तुमच्या परवान्यात ती बसते का हे आधी विचारा. उलट एन्फिल्डसारखी दिसणारी प्रत्येक जुनी बंदूक रायफल नसते. 1857 नंतर हिंदी पलटणींना मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या होत्या. भिंतीवर लावायच्या शोभेच्या नकला झाडण्यासाठी नसतात, त्यांचे बूच कधी कधी नुसते ठोकून बसवलेले असते.

‘मी काडतुसातली दारू वापरायचो, काही झालं नाही’ असे मालक बोलला तर ती बंदूक सोडून द्या. बिनधुराच्या दारूचा दाब काळ्या दारूहून कितीतरी पट चढतो. एकदा तो सोसलेल्या नळीला आत कुठे चीर गेली हे भिंगाला दिसत नाही. पहिला बार कितीही खात्री असली तरी खांद्याला लावून उडवू नये. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडून, बंदूक पाटाला बांधून, आडोशामागून दोरीने चाप ओढून तो उडवून घ्यावा, आणि नंतर बुडाचा सांधा पुन्हा भिंगाने बघावा. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे हेही नव्या मालकाने लक्षात ठेवावे. रानडुकरावर बार टाकायचा तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 11 खाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

शेवटी प्रशासनासाठी दोन गोष्टी. हस्तांतराच्या वेळी नंबर जुळवला जातो, बूड तपासले जात नाही. अर्जासोबत परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचा एक पानी तपासणी दाखला मागावा: नळी रिकामी, बूच गळत नाही, अर्धी खाच धरते. अर्ध्या तासाचे काम आहे. दुसरी गोष्ट निवडणुकीतल्या जमा बंदुकांची. आचारसंहितेत त्या आठवडेच्या आठवडे ठाण्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या असतात. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते, आणि खाऱ्या दमट हवेत न धुतलेली नळी दोन दिवसांतही गंज धरते. खोलीत लाकडी घोडी करून बंदुका तोंड खाली ठेवल्या तर तेल आणि ओल बुडाकडे उतरत नाही. परवानाधारकांनीही जमा करण्यापूर्वी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, बंदुकीचे तेल लावावे. खोबरेल नको, ते थंडीत गोठते आणि घोड्याच्या यंत्रात चिकट होऊन बसते. पावतीवर नंबरासोबत ‘नळी रिकामी, तेल लावलेली’ असे लिहून घ्यावे. परत मिळाल्यावर गज आणि चिकटपट्टीची परीक्षा पुन्हा करावी, आणि झाडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने निपलची वाट पुसून घ्यावी. तेलाने भरलेल्या वाटेतून पहिला बार पेटत नाही.

आपला,
एक परवानाधारक शेतकरी, सिंधुदुर्ग